सोलापूरच्या पूर्वभागाचे बेट कशावर उभे आहे?

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरनजीक कुंभारीच्या माळावर उभारलेल्या रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरांचे वाटप पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. असंघटित कामगारांसाठी नियोजिलेल्या तीस हजार घरांचा हा पहिला टप्पा होता. समारंभ दिमाखदार झाला, भाषणे झाली, किल्ल्या दिल्या गेल्या. प्रकल्पामागे मार्क्सवादी नेते नरसय्या आडम यांची अनेक वर्षांची चिकाटी आणि वाटप भाजपच्या पंतप्रधानांच्या हातून, या योगायोगाची चर्चा त्या वेळी पुष्कळ रंगली. ज्या वस्तीतून यांपैकी बरीच कुटुंबे उठून माळावर जाणार, त्या वस्तीचे पुढे काय, या प्रश्नाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ती वस्ती म्हणजे सोलापूरचा 'पूर्वभाग'.

सोलापूरला समुद्र नाही आणि शहरातून वाहणारी मोठी नदीही नाही. पाण्याने वेढलेले एकच ठिकाण शहराच्या मध्यभागी आहे, ते म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराचे तलावातील मंदिर. तेथून पूर्वेकडे निघाले, की साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, जोडबसवण्णा चौक, अशोक चौक, पुढे दत्तनगर, पद्मानगर, नीलमनगर अशा वस्त्यांमधून एक दुसरेच बेट सुरू होते. येथे दुकानांच्या पाट्या मराठीत असतात, पण ओट्यावरचे बोलणे तेलुगूत चालते. दारांवरची आडनावे येमूल, कोंडा, बोल्ली, गड्डम, चिलवेरी, बिंगी अशी. तेलंगणाची हद्द येथून दूर आहे आणि हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. मध्ये मराठी आणि कन्नड बोलणारा मुलूख पसरलेला. भाषाशास्त्रज्ञ ज्याला 'भाषिक बेट' म्हणतात त्याचे याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण.

हे बेट कुणी मुद्दाम वसवले नाही. निजामाच्या राज्यातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून पद्मशाली विणकर टप्प्याटप्प्याने सोलापुरात आले. त्यांच्याबरोबर आणि मागोमाग इतर विणकर जातीही आल्या. पेशवाईतही सोलापुरात विणकाम होते; पण स्थलांतराला खरा वेग आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची 'जुनी मिल' सुरू झाली. मधल्या काळात, १८७६ पासून, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता. पोट भरण्याची वाट शोधणाऱ्या विणकराला सोलापुरात सूत मिळत होते, विणलेले लुगडे घ्यायला मराठी आणि कानडी मुलखातील शेतकरी कुटुंबे होती आणि माल दूर धाडायला आगगाडी होती.

गिरण्या आल्या आणि हातमाग मेला, असा एक सरधोपट समज आपल्याकडे आहे. सोलापूरचा इतिहास त्याला छेद देतो. येथे गिरणी आणि हातमाग दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदले, किंबहुना गिरणीच्या सुतावर हातमाग वाढला. विणकरांमधूनच काहींनी दहा-वीस माग मांडले, सूत उधारीवर आणले, गावाकडून आलेल्या नातलगांना आणि जातभाईंना कामाला ठेवले. हे झाले 'कारखानदार'. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातील छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवरील २०१२ च्या आपल्या ग्रंथात सोलापूरच्या या कारखानदारांची सविस्तर दखल घेतली आहे. कारखाना म्हणजे वेगळी इमारत नव्हे. खाली माग, वर किंवा मागे बिऱ्हाड. कामगाराने उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच मालकाकडे विणत राहायचे. मालक आणि मजूर एकाच जातीचे, एकाच भाषेचे, बहुधा एकाच देवळाचे. या व्यवस्थेत आपुलकी होती आणि पिळवणूकही होती. दोन्ही एकाच छताखाली असल्याने एकीतून दुसरी वेगळी काढणे अवघड होते. बेट टिकले ते या रचनेमुळे. काम, घर, भाषा आणि कर्ज या चारही गोष्टी एकाच गल्लीत असल्यावर माणसाला गल्लीबाहेरची भाषा घरात आणण्याचे कारण उरत नाही.

गिरण्यांचे सोलापूर निराळे होते. तेथे मराठे, लिंगायत, मुसलमान, दलित असे सर्व थरांतील कामगार भोंग्यावर कामाला जात. १९३० सालच्या मे महिन्यात या शहराने इंग्रजी सत्ता काही दिवस जुमानली नाही आणि त्यापायी १२ मे ते ३० जून असा लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार नावांतच शहराची बहुभाषक, बहुधर्मी वीण दिसते. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात जुनी मिल बंद पडली. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांनीही एकेक करून मान टाकली. भोंगे थांबले. पण पूर्वभागातील खडखडाट थांबला नाही. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली होती, लुगड्याची जागा जेकार्डच्या चादरीने आणि पुढे टेरी टॉवेलने. गिरणी गेल्यावरही सोलापूर 'कापडाचे गाव' राहिले ते या गल्ल्यांच्या जोरावर.

सोलापुरी चादर हे मराठी संसाराचे एक चिन्ह. रुखवतात ती असे, प्रवासाच्या वळकटीत असे, दवाखान्याच्या खाटेवर असे. दोन्ही बाजूंनी पांघरता येणारी, वर्षानुवर्षे धुतली तरी नक्षी न सोडणारी. २००५-०६ मध्ये तिला भौगोलिक निर्देशन मिळाले. अशी नोंदणी लाभलेल्या महाराष्ट्रातील अगदी सुरुवातीच्या वस्तूंपैकी ती एक. या चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे ज्यांनी मागावर चढवले ते हात बहुतांशी तेलुगू घरांतले होते, ही गोष्ट चादर पांघरणाऱ्या महाराष्ट्राला क्वचितच ठाऊक असते.

बेट म्हटले की अलिप्तपणा डोळ्यांपुढे येतो. पूर्वभाग तसा अलिप्त कधी नव्हता. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा तो शहराचा उत्सव असतो; आणि मकर संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, तेव्हा पूर्वभागही रस्त्यावर येतो. बाराव्या शतकातील ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने ही यात्रा भरते, त्यांची वचने कन्नडात आहेत. म्हणजे शहराचे दैवत कन्नड, राज्यकारभार मराठी, उद्योग तेलुगू आणि बाजारात दखनीचा वावर, असा हा मामला. नवरात्राच्या सुमारास पूर्वभागातील स्त्रिया बतुकम्मा मांडतात. त्यासाठी लागणारी तरवडाची पिवळी आणि कुरडूची फुले तेलंगणात जशी माळावर उगवतात तशीच ती सोलापूरच्या माळावरही उगवतात. दख्खनच्या पठाराला भाषावार प्रांतरचनेची खबर नसते, एवढेच यावरून म्हणायचे.

या दुभाषी जगण्यातून वाङ्मयही निपजले. कवी आणि अनुवादक लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी मराठी-तेलुगू असा पूल आयुष्यभर बांधला. 'एका साळियाने' हे त्यांचे आत्मकथन मराठीत आहे. विणकराच्या घरातला मुलगा मराठीत लिहितो आणि तेलुगूतून मराठीत आणतो, हे या बेटाचे मुख्य भूमीशी असलेले नाते. तेलुगू माध्यमाच्या शाळा शहरात होत्या आणि आहेत. पण मुलांना मराठी शाळेत घालण्यात पद्मशाली समाजाने कधी कमीपणा मानला नाही. समाजाने स्वतः काढलेल्या शिक्षण संस्थेची कुचन प्रशाला असो, बुर्ला महिला महाविद्यालय असो, की सहकारी तत्त्वावरचे मार्कंडेय रुग्णालय असो, या संस्था जातीच्या पैशातून उभ्या राहिल्या आणि साऱ्या शहराच्या उपयोगी पडल्या.

येथे एक तुलना उद्बोधक आहे. सोलापूरच्या दक्षिणेकडील कन्नड भाषक भाग सीमावादात अनेकदा ओढला गेला. महाजन आयोगाने १९६७ साली दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि जत तालुक्यांतील गावे तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावीत अशी शिफारस केली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत, अक्कलकोट, सोलापूर यांवरील हक्काची भाषा पुन्हा उच्चारली आणि वाद पेटला. तेलुगूच्या नावाने मात्र सोलापुरावर कुणी असा दावा सांगितला नाही. भाषेला सीमा लागून असली की राजकारण तिला जमिनीत रूपांतरित करते. बेटाला ती सोय नसते. पूर्वभागाला म्हणूनच जमिनीच्या नव्हे, मतांच्या भाषेत बोलावे लागले.

आणि तो बोललाही. १९८० आणि १९८४ मध्ये गंगाधर कुचन, १९८९ आणि १९९१ मध्ये धर्मण्णा सादूल, १९९६ मध्ये लिंगराज वल्याल असे लागोपाठ पाच निवडणुकांत पद्मशाली खासदार सोलापूरने लोकसभेत पाठवले. पहिले दोघे काँग्रेसचे, तिसरे भाजपचे. पक्ष बदलला तरी वस्ती बदलली नाही. दुसऱ्या बाजूला आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा विधानसभेवर गेले ते यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या बळावर. एकाच समाजातून कारखानदारांचे आणि कामगारांचे असे दोन्ही प्रतिनिधी निघावेत, ही गोष्ट जातीच्या चष्म्यातून सोलापूर पाहणाऱ्यांना कोड्यात टाकते. २००९ पासून लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि ते पर्व संपले. जून २०२३ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव शेकडो मोटारींचा ताफा घेऊन सोलापुरात उतरले, तेव्हा भाषिक नात्याची आठवण त्यांनाही झाली. त्याच वर्षअखेरीस त्यांची स्वतःच्या राज्यातील सत्ता गेली आणि ताफ्याची धूळ खाली बसली.

राव यांच्या भेटीपेक्षा त्यांच्या सरकारचा एक निर्णय पूर्वभागाने अधिक गंभीरपणे पाहण्यासारखा होता. २०१७ पासून तेलंगणा सरकारने बतुकम्माच्या साड्या गरीब स्त्रियांना वाटायला सुरुवात केली आणि त्यांची मोठी मागणी सिरसिल्ला येथील यंत्रमागांकडे वळवली. सिरसिल्ला हे पद्मशालींचेच गाव. एकेकाळी विणकरांच्या आत्महत्यांमुळे बातम्यांत आलेले. सरकारी मागणीने तेथील माग काही वर्षे चालते राहिले. २०२३ मध्ये सत्ता बदलली, ती योजना थांबली आणि सिरसिल्ला पुन्हा चिंतेत पडले. सरकारच्या एका गिऱ्हाइकीवर उद्योग किती काळ तगणार, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु सोलापूरला तेवढीही गिऱ्हाइकी लाभली नाही. महाराष्ट्राने २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबांना दर वर्षी एक साडी देण्याचे ठरवले. त्या योजनेत साडी आहे, चादर नाही. शासकीय रुग्णालये, वसतिगृहे, आश्रमशाळा यांना वर्षाकाठी किती चादरी आणि टॉवेल लागतात याचा हिशेब मांडणे मंत्रालयाला अवघड नाही.

चादरीची पीछेहाट का झाली, याची कारणे शहरात कुणीही सांगेल. पानिपतहून येणारी आणि यंत्रावर झटपट निघणारी मऊ, रंगीत, कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे स्वस्त पडतात. 'सोलापुरी' या नावाखाली बाहेर विणलेला माल खपतो आणि भौगोलिक निर्देशनाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते, कारण नक्कल पकडण्याचा खर्च छोट्या कारखानदाराला झेपणारा नसतो. सुताचे भाव वर-खाली होतात आणि मालाचा भाव आधीच ठरलेला असतो. टॉवेलने काहींना निर्यातीची वाट दाखवली. पण ज्यांनी जुन्याच मागांवर भिस्त ठेवली, त्यांना नवे माग घेणे परवडत नाही आणि जुने चालवणेही परवडत नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. म्हणून एकाच आवारात वेगवेगळ्या नावांनी छोटे छोटे कारखाने दाखवले जातात, असा कामगार संघटनांचा जुना आरोप आहे. छोटेपणा ही एकेकाळी या उद्योगाची लवचीकता होती. आता छोटेपणाच त्याला आधुनिक होऊ देत नाही.

घर आणि कारखाना एकत्र ठेवण्याच्या परंपरेची दुसरी बाजूही अलीकडे विदारकपणे पुढे आली. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण दगावले. मृतांत मालकाचे आणि कामगाराचे अशी दोन्ही कुटुंबे होती. सारे कारखान्याच्या इमारतीतच राहत होते. धर्म आणि भाषा वेगळी असली तरी खाली माग, वर बिऱ्हाड हा आराखडा या उद्योगात अजून किती खोल रुजलेला आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवले.

आता विडीकडे वळू. मागाइतकेच हे बेट विडीवर उभे आहे, आणि ही बाजू पूर्णतः स्त्रियांची आहे. पुरुषाचा माग आठवड्याची मजुरी देई तेव्हा बाईची विडी रोजचा भाजीपाला आणी. माग बंद पडला तेव्हा विडीनेच चूल पेटती ठेवली. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत घ्यायचे, घरी पाने भिजवून कापायची, दिवसाकाठी पाचशे ते हजार विड्या वळायच्या आणि बंडले परत नेऊन द्यायची. त्यांतल्या काही 'छाट' म्हणून बाजूला पडतात, त्यांची मजुरी मिळत नाही. तंबाखूची धूळ छातीत, पाठ वाकलेली आणि नजर मंदावलेली. हा धंदा टिकावा असे एकाही विडी कामगार स्त्रीला आपल्या मुलीसाठी वाटत नाही. पण तो उद्या बंद झाला तर काय, याचे उत्तरही तिच्यापाशी नाही, आणि धोरणकर्त्यांपाशी तर मुळीच नाही.

१९६६ च्या कायद्याने विडी कामगाराला घरबसल्याही कामगार म्हणून मान्यता दिली. १९७६ च्या उपकर कायद्याने विडीवर उपकर बसवून त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीचे साहाय्य उभे केले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के कर लागला आणि तो उपकर रद्द झाला. म्हणजे विडीवरचा कर राहिला. विडी वळणारीसाठी राखून ठेवलेला वाटा मात्र गेला आणि कल्याण योजना अर्थसंकल्पातील तरतुदीच्या मर्जीवर आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये कर परिषदेने विडीवरील कर १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला तेव्हा तंबाखूवर मेहेरनजर का, अशी टीका आरोग्य क्षेत्रातून झाली. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर ती टीका चुकीची नाही. पण धूम्रपान घटवायचे असेल तर विडी वळणाऱ्या स्त्रीला पर्यायी काम कोठून देणार, हा प्रश्न कराच्या टक्केवारीत सुटत नाही. तयार कपड्यांचा, विशेषतः शालेय गणवेशांचा उद्योग सोलापुरात वाढला आहे आणि शिवणकामात काही तरुण मुली गेल्या आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, विडीखेरीज काही न शिकलेल्या बाईला मात्र त्या यंत्रापुढे कुणी बसवत नाही.

कुंभारीच्या घरांचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे विडी कामगार स्त्रियांना मिळाली होती. रे नगर ही त्याच्याच पुढची पायरी. एका खोलीत भाड्याने आयुष्य काढलेल्या बाईच्या नावावर घर होणे, ही गोष्ट कोणत्याही आर्थिक विश्लेषणापेक्षा मोठी आहे आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. परंतु पूर्वभागात घर आणि काम यांचे जे अद्वैत होते ते येथे तुटले. यंत्रमाग त्या घरात मावत नाही आणि तो तेथे असूही नये. पुरुषाला शहरात किंवा औद्योगिक वसाहतीत यावे लागते, बससाठी थांबावे लागते, मजुरीतून प्रवासखर्च वजा होतो. बरोबर नेता येते ती फक्त विडी, कारण तिला एक सूप, एक कात्री आणि मांडी घालून बसण्यापुरती जागा पुरते. जो धंदा मिटत चालला आहे, तोच धंदा नव्या घरात सर्वांत सोयीचा ठरतो.

तरुण पिढीने आपला मार्ग केव्हाच निवडला आहे. पूर्वभागातील शिकलेली मुले पुण्याला, हैदराबादला जातात. संगणकाच्या, औषधांच्या, बँकेच्या नोकऱ्या करतात. सोलापूर-पुणे गाड्यांना रविवारी संध्याकाळी जी गर्दी असते तिच्यात ही मुलेही असतात. घरी फोनवर ती तेलुगू बोलतात, पण त्यांच्या मुलांना ती कितपत येईल याची त्यांनाच खात्री नाही. मार्कंडेयाचा रथ पुढेही निघेल, बतुकम्माही मांडली जाईल. सण परगावीही नेता येतात. नेता येत नाही ती गल्ली, जिच्यात देऊळ, सावकार, माग आणि शाळा एका हाकेच्या अंतरावर होती आणि जिच्यामुळे दीड शतक एक भाषा परक्या मुलखात जगली.

रे नगरच्या आराखड्यात घरांबरोबर शाळा, दवाखाना, अंगणवाड्या यांचा विचार झाला. तीस हजार कुटुंबांच्या या नव्या गावात सामायिक कामशाळा, शिलाई केंद्रे, चादर-टॉवेलच्या शिवण आणि बांधणीची कामे आणण्याचा आराखडा मात्र अद्याप कुणी मांडलेला दिसत नाही. महापालिकेची हद्द तेथे पोहोचत नाही, ग्रामपंचायतीची ताकद पुरत नाही आणि औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत अक्कलकोट रस्त्यावर निम्म्या वाटेतच थांबते.